तळाशी न बसणारे कण : दैनंदिन जीवनातील कलिले

शाळेच्या स्मरणिकेसाठी इतिहासाच्या शिक्षकाने लेख लिहायचा, तर तो एखाद्या लेण्यावर, शिलालेखावर किंवा चळवळीवर असावा, अशी वाचकांची स्वाभाविक अपेक्षा असते. या वेळी मी विषय निराळा निवडला आहे. त्याला कारण एक जुनी आठवण आहे.

मी सातवीत असताना घरापासून दूर एका वसतिगृहात राहत होतो. त्या वर्षी आषाढात झड लागली आणि विहिरीचे पाणी तांबूस, गढूळ झाले. रात्री हंडे भरून ठेवले की सकाळपर्यंत गाळ खाली बसेल, असे आम्हा मुलांना वाटले. सकाळी पाहिले, तर तळाशी बोटभर रेती बसलेली होती. वरचे पाणी मात्र तसेच गढूळ होते. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी तुरटीचा खडा आणला आणि प्रत्येक हंड्यात चार-पाच वेळा गोल फिरवला. काही वेळाने पाण्यात कापसासारखे पुंजके दिसू लागले, ते हळूहळू खाली बसले आणि वरचे पाणी इतके नितळ झाले की तळाशी पडलेली वाटी दिसावी. आम्ही ते पोटभर प्यालो. पुढच्या महिन्याभरात वसतिगृहात कावीळ पसरली. ज्याची पत्र्याची पेटी माझ्या पेटीला लागून असे, तो माझा सोबती अंथरुणाला खिळला आणि वडील त्याला गावी घेऊन गेले. तो बरा झाला, असे नंतर कळले. पण शाळेत मात्र तो परत आला नाही.

त्या पावसाळ्याने दोन प्रश्न मागे ठेवले. रात्रभर स्थिर ठेवलेल्या पाण्यातील गढूळपणा खाली का बसला नाही? आणि डोळ्यांना नितळ दिसणारे पाणी आजाराचे कारण कसे ठरले? पुढे शिक्षक झाल्यावर एकदा विज्ञानाचे शिक्षक रजेवर असताना आठवीच्या वर्गावर तास घेण्याची वेळ आली. पाठ्यपुस्तक उघडले आणि त्यात ‘कलिल’ हा शब्द भेटला. माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या एका शब्दात होते आणि दुसऱ्या प्रश्नाकडे जाण्याची वाटही तेथूनच निघत होती. ती वाट वाचकांसमोर उलगडून दाखवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

द्रावण, निलंबन आणि कलिल

पाण्यात मीठ किंवा साखर घालून ढवळली की ती विरघळते. तिचे कण इतके सूक्ष्म होतात की ते दिसत नाहीत, गाळणीत अडकत नाहीत आणि कितीही दिवस ठेवले तरी तळाशी बसत नाहीत. याला द्रावण म्हणतात. उलट पाण्यात वाळू किंवा खडूची पूड ढवळली, तर कण काही वेळ तरंगतात व मग खाली बसतात. ते फडक्याने किंवा गाळणकागदाने वेगळेही करता येतात. याला निलंबन म्हणतात. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी अवस्था आहे. तिच्यातील कण विरघळलेलेही नसतात आणि तळाशी बसणारेही नसतात. या अवस्थेला कलिल असे नाव आहे.

या तिन्हींमधील फरक मुख्यतः कणांच्या आकाराचा आहे. एका मिलिमीटरचे दहा लाख समान भाग केले, तर त्यांतील एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. द्रावणातील कण साधारणपणे १ नॅनोमीटरपेक्षा लहान असतात, निलंबनातील कण १,००० नॅनोमीटरपेक्षा मोठे असतात आणि कलिलातील कण या दोन मर्यादांच्या दरम्यान असतात. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८०,००० नॅनोमीटर भरते, हे ध्यानात घेतले म्हणजे या मधल्या जगाच्या सूक्ष्मतेची कल्पना येईल.

आता आमच्या हंड्याकडे वळू. १०० नॅनोमीटर आकाराचा मातीचा कण पूर्ण स्थिर पाण्यातून फक्त वीतभर खाली यायचा असेल, तर गणिताने त्याला कित्येक महिने लागतात. एका रात्रीत तो काय खाली बसणार? रेती बसली, कारण तिचे कण मोठे होते. चिकणमातीचे बारीक कण वरच राहिले. हंड्यात निलंबन आणि कलिल दोन्ही एकाच वेळी होती.

एका शब्दाचा इतिहास

‘कोलॉइड’ हा मूळ शब्द थॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये रूढ केला. ग्रीक भाषेत ‘कोल्ला’ म्हणजे सरस. ग्रॅहॅमने निरनिराळे पदार्थ पाण्यात मिसळून ते चर्मपत्रासारख्या कागदाच्या पडद्यातून पलीकडे जातात की नाही, हे पाहिले. मीठ आणि साखर सहज पार झाली. सरस, डिंक आणि अंड्याचा पांढरा बलक अलीकडेच राहिले. यावरून त्याने पदार्थांचे दोन वर्ग केले : स्फटिक बनणारे, पडदा ओलांडणारे; आणि सरसासारखे, मागे राहणारे.

हे वर्गीकरण पुढे तपासणीत टिकले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वाइमार्न या रशियन रसायनज्ञाने व इतरांनी अनेक पदार्थांवर प्रयोग करून दाखवले की, योग्य माध्यम आणि योग्य परिस्थिती मिळाली तर बहुतेक कोणताही पदार्थ कलिल होऊ शकतो. पाण्यात सहज विरघळणारे मीठ बेंझीन या द्रवात कलिलरूपाने राहू शकते. साबण अल्कोहोलमध्ये विरघळून द्रावण बनतो, तर पाण्यात तोच साबण कलिल बनतो. म्हणजे कलिल ही पदार्थाची जन्माने ठरलेली जात नव्हे. ती परिस्थितीने आलेली अवस्था आहे. वरवर पाहून केलेली विभागणी कसोटीला लावल्यावर मोडते, हा अनुभव इतिहासाच्या अभ्यासकाला नवा नाही. रसायनशास्त्रातही तो आला, याचे मला समाधान वाटते.

कलिल ओळखावे कसे?

कलिल पुष्कळदा द्रावणासारखे एकजीव दिसते. त्याला ओळखण्याची सोपी कसोटी प्रकाशाची आहे. ती घरी करून पाहता येते. काचेच्या दोन पेल्यांत पाणी घ्यावे. एकात चमचाभर साखर पूर्ण विरघळवावी, दुसऱ्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाकावेत. खोलीत अंधार करून टॉर्चचा बारीक झोत एकेका पेल्यातून सोडावा आणि बाजूने पाहावे. साखरेच्या पाण्यात झोताचा मार्ग दिसणार नाही. दुधाच्या पाण्यात मात्र तो उजळलेला पट्टा होऊन दिसेल. कलिलातील कण प्रकाश चहूकडे विखुरतात, द्रावणातील कण त्या मानाने नगण्य विखुरतात. या परिणामाला जॉन टिंडॉल या आयरिश शास्त्रज्ञाचे नाव मिळाले आहे.

ज्यांचे बालपण पत्र्याच्या किंवा कौलारू घरात गेले, त्यांना हा परिणाम पुस्तकात शोधण्याची गरज नाही. छपराच्या भोकातून येणारा कवडसा आपल्याला दिसतो, तो वाटेतील धूळ आणि चुलीचा धूर यांच्या कणांमुळे. धूळकण कलिलापेक्षा मोठे असतात, पण तत्त्व तेच. कण फार बारीक असले, तर ते लाल प्रकाशापेक्षा निळा प्रकाश अधिक विखुरतात. म्हणून चुलीचा विरळ धूर निळसर दिसतो आणि पाणी घातलेले दूधही निळसर दिसते. घरातील जाणत्या स्त्रिया दुधाचा रंग पाहून त्यात पाणी आहे की नाही हे ओळखत, ते या तत्त्वावरच.

दुसरी खूण म्हणजे अविरत हालचाल. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउन हा वनस्पतिशास्त्रज्ञ परागकणांतून बाहेर पडलेले सूक्ष्म कण पाण्यात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. ते सतत, दिशाहीन थरथरत होते. सजीव असल्यामुळे ते हलत असावेत, ही शंका त्याने निर्जीव खनिजाची पूड वापरून तपासली. तीही तशीच हलली. या हालचालीचा उलगडा १९०५ मध्ये आइन्स्टाइनने केला : पाण्याचे अदृश्य रेणू कणाला सर्व बाजूंनी धडका देत असतात आणि त्या कधीच समसमान नसतात. झां पेरँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने मोजमाप करून हे सिद्ध केले व त्यास १९२६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अणू खरोखर आहेत की ती केवळ सोयीची कल्पना आहे, हा जुना वाद अशा रीतीने कलिलकणांच्या साक्षीने मिटला. या धडकांमुळेच कलिलकण गुरुत्वाकर्षणाला सहजासहजी वश होत नाहीत.

कलिलांचे आठ प्रकार

कलिलात दोन घटक असतात. एक विखुरलेला पदार्थ आणि दुसरे त्याला सामावून घेणारे माध्यम. यांपैकी प्रत्येक घटक घन, द्रव किंवा वायू असू शकतो. अशा नऊ जोड्या होतात. त्यांतील वायूमध्ये वायू ही जोडी वगळावी लागते, कारण वायू एकमेकांत पूर्णपणे मिसळतात. उरलेले आठ प्रकार पुढीलप्रमाणे :

१. घनात घन – घन सोल. रंगीत काच हे याचे उदाहरण. काचेत सोन्याचे अतिसूक्ष्म कण असले की ती माणकासारखी लाल दिसते. चौथ्या शतकातील रोमन ‘लायकर्गस चषक’ बाहेरून प्रकाश पडल्यास हिरवा आणि आतून प्रकाश आल्यास लाल दिसतो. त्याच्या काचेत सोन्याचांदीचे असेच कण आहेत.

२. द्रवात घन – सोल. भिंतीचा रंग, शाई, पावसाळ्यातील गढूळ पाणी. रक्तातील तांबड्या पेशी कलिलकणांपेक्षा मोठ्या असतात. पण ज्या द्रवात त्या तरंगतात, त्यातील प्रथिने कलिलरूपात असतात.

३. वायूत घन – वायुकलिल. चुलीचा, उदबत्तीचा आणि कारखान्याचा धूर.

४. घनात द्रव – जेल. दही, पनीर, जेली. येथे घन पदार्थाचे बारीक जाळे द्रवाला धरून ठेवते. म्हणून दही कवडीसारखे घट्ट लागते आणि चमच्याने मोडले की पाणी सुटते.

५. द्रवात द्रव – पायस. दूध, त्वचेला लावण्याची क्रीम. एकमेकांत न मिसळणाऱ्या तेल आणि पाणी यांच्या थेंबांचे हे मिश्रण होय.

६. वायूत द्रव – हेही वायुकलिलच. धुके आणि ढग. त्यांतील पुष्कळ थेंब मर्यादेपेक्षा मोठे असतात, तरी त्यांची गणना याच वर्गात केली जाते.

७. घनात वायू – घन फेस. स्पंज, थर्मोकोल, पाव, जाळीदार ढोकळा.

८. द्रवात वायू – फेस. साबणाचा फेस, घुसळलेल्या ताकावरचा फेस.

शेवटच्या दोन प्रकारांत बुडबुडे साध्या डोळ्यांनीही दिसतात. मग ते कलिल कसे, असा प्रश्न चौकस विद्यार्थी विचारतो. त्याचे उत्तर असे की, साबणाच्या फेसात दोन बुडबुड्यांमधील पाण्याचा पापुद्रा कलिलाच्या मापाचा असतो आणि फेसाचे गुणधर्म त्या पापुद्र्यावर अवलंबून असतात.

दुधाचे भांडे आणि ताकाची रवी

हे सर्व एकाच भांड्यात पाहायचे असेल, तर दूध पुरेसे आहे. गाईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते. त्यात साखर आणि काही क्षार विरघळलेले असतात, हे झाले द्रावण. त्यात केसिन या प्रथिनाचे शे-दोनशे नॅनोमीटरचे गोळे तरंगतात, हे कलिल. आणि त्यातच स्निग्धांशाचे थेंब असतात, हे पायस. ताज्या दुधातील स्निग्धांशाचे पुष्कळसे थेंब तीन-चार हजार नॅनोमीटरचे, म्हणजे कलिलाची मर्यादा ओलांडणारे असतात. ते पाण्यापेक्षा हलके असल्याने हळूहळू वर येतात व साय धरते. दूध मोठ्या दाबाने बारीक छिद्रांतून सोडून हे थेंब फोडले, तर साय फारशी धरत नाही. पिशवीतील काही दुधाबाबत हाच अनुभव येतो.

केसिनच्या गोळ्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांपासून अंतर राखतात. विरजण लावले की त्यातील जिवाणू दुधातील साखरेचे आम्ल करतात. आम्ल वाढून दुधाचा सामू ४.६ च्या जवळ येतो, तेव्हा हा भार नाहीसा होतो, गोळे एकमेकांना चिकटून जाळे विणतात आणि दही लागते. गरम दुधात लिंबू पिळले तर हीच क्रिया एकदम घडते, जाळे विणायला सवड मिळत नाही आणि दूध फाटते.

रवीची करामत याहून निराळी आहे. सायीच्या विरजणात पाणी माध्यम असते आणि स्निग्धांशाचे थेंब त्यात विखुरलेले असतात. घुसळल्याने थेंबांभोवतीचा पापुद्रा फाटतो, थेंब एकमेकांना जोडले जातात आणि एका क्षणी भूमिका उलटतात. स्निग्धांश माध्यम बनतो आणि पाण्याचे थेंब त्यात अडकतात. तो क्षण म्हणजे लोण्याचा गोळा वर येण्याचा क्षण. आपल्या आया-आज्या रवीच्या बदललेल्या आवाजावरून तो ओळखत.

भांडी घासताना सुचलेले विज्ञान

तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत. त्यांना एकत्र ठेवायला मध्यस्थ लागतो. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते आणि दुसरे, लांब टोक तेलाकडे. म्हणून साबणाचे रेणू तेलकट मळाभोवती कडे करतात, शेपटे आत आणि डोकी बाहेर ठेवतात आणि तो मळ थेंबाथेंबाने पाण्याबरोबर वाहून नेतात. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले की ते साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात. म्हणून त्या पाण्याला फेस येत नाही. त्याला दुष्फेन पाणी म्हणतात ते यामुळेच.

पाण्याच्या पृष्ठभागावर तेल आणि साबण काय करतात, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्यांत आग्नेस पोकेल्स हे नाव अग्रगण्य आहे. तिचा जन्म १८६२ चा. जर्मनीत त्या काळी स्त्रियांना विद्यापीठात प्रवेश नव्हता. आजारी आईवडिलांची सेवा आणि घरकाम यांत तिचे दिवस जात. भांडी घासताना पाण्यावर पसरणारा तेलकट थर तिने न्याहाळला, विशीतच घरगुती साहित्यातून एक पसरट पात्र आणि लहानसा तराजू तयार केला व पृष्ठभागाचा ताण मोजण्यास आरंभ केला. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या धाकट्या भावाची पुस्तके तिने घरी वाचली. १८९१ मध्ये तिने आपली निरीक्षणे लॉर्ड रॅली या इंग्रज शास्त्रज्ञाला पत्राने कळवली. रॅलीने त्यांचे मोल ओळखले आणि त्याच वर्षी ती ‘नेचर’ या नियतकालिकात तिच्या नावाने प्रसिद्ध करवली. ज्या विद्यापीठाच्या दारातून ती कधी विद्यार्थिनी म्हणून आत गेली नाही, त्या तिच्या ब्राउनश्वाइग गावच्या तंत्रविद्यापीठाने १९३२ मध्ये तिला सन्माननीय डॉक्टरेट दिली. तेव्हा ती सत्तर वर्षांची होती.

कण कधी सांभाळावे, कधी साकळावे?

कलिलकण खाली न बसण्याचे अर्धे कारण रेणूंच्या धडका हे आहे. उरलेले अर्धे कारण विद्युतभार. चिकणमातीच्या कणांवर पाण्यात ऋण भार असतो आणि समान भार एकमेकांना दूर लोटतात. कण वेगळे राहतात तोवर ते बारीकच राहतात, आणि बारीक राहतात तोवर तरंगतात. भार नाहीसा केला की कण एकत्र येतात, मोठे होतात आणि खाली बसतात. यालाच साकळणे म्हणतात.

तुरटीत ॲल्युमिनियमचे आयन असतात आणि प्रत्येकावर तीन धन भार असतात. आयनावरील भार वाढला की त्याची साकळण्याची शक्ती कित्येक पटींनी वाढते, हे शुल्झे याने १८८२ मध्ये आणि हार्डी याने १९०० मध्ये दाखवून दिले. मिठाचा एकच धन भार असलेला सोडियम आयन तुरटीपुढे फार दुबळा पडतो. शिवाय तुरटीपासून पाण्यात ॲल्युमिनियमचा चिकट, कापसासारखा साका तयार होतो व तो मातीच्या कणांना आपल्यात गुंतवून खाली नेतो. न्हाव्याच्या दुकानात वस्तऱ्याच्या जखमेवर तुरटी फिरवतात, तेव्हा रक्तातील प्रथिने अशीच साकळतात. तुरटी नसे तेथे आपल्याकडे निवळीचे बी मडक्याच्या आतल्या बाजूला उगाळण्याची रीत होती; शेवग्याच्या बियांची पूडही हे काम करते. ‘निवळणे’ आणि ‘निवळी’ या शब्दांचे नाते हा अनुभव जपून आहे.

निसर्ग हेच काम फार मोठ्या प्रमाणावर करतो. नदीतील बारीक माती खाऱ्या पाण्याला मिळाली की साकळते. कोकणातील खाड्यांचा चिखल आणि गंगेच्या मुखाशी पसरलेला त्रिभुज प्रदेश यांच्या घडणीत या क्रियेचा वाटा आहे. औष्णिक विद्युत केंद्रांच्या धुराड्यांतही हेच तत्त्व उपयोगी पडते. धुरातील राखेच्या कणांना विद्युतभार देऊन ते धातूच्या पट्ट्यांकडे ओढून घेतले जातात. फ्रेडरिक कॉट्रेल या अमेरिकन शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही पद्धत व्यवहारात आणली. आपल्या चुलीला मात्र असे यंत्र नसते. तिच्या धुरातील सूक्ष्म कण स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या फुप्फुसात खोलवर जातात, हे विसरून चालणार नाही.

कधी कधी मात्र कण साकळू नयेत, अशीच इच्छा असते. जुन्या पोथ्या आणि मोडी कागदपत्रे ज्या काळ्या शाईने लिहिली, ती काजळ आणि डिंक यांची असे. नुसते काजळ पाण्यात टिकत नाही, त्याचे गोळे होतात. डिंक प्रत्येक कणाभोवती आवरण घालतो व त्यांना वेगळे ठेवतो. हीच युक्ती १९३०च्या दशकात शांतिस्वरूप भटनागर यांनी फार मोठ्या कामासाठी वापरली. रावळपिंडीच्या परिसरात खनिज तेलासाठी खोदकाम करताना छिद्रात सोडलेला चिखल जमिनीतील क्षारांशी संबंध येताच घट्ट होई आणि काम थांबे. भटनागरांनी ओळखले की हा कलिल साकळण्याचा प्रकार आहे. त्यांनी चिखलात डिंक मिसळण्याचा उपाय सुचवला आणि तो लागू पडला. कंपनीने देऊ केलेली दीड लाख रुपयांची रक्कम त्यांनी स्वतःसाठी न घेता विद्यापीठातील संशोधनाकडे वळवली. देशातील राष्ट्रीय प्रयोगशाळांची साखळी पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली उभी राहिली; १९५० मध्ये सुरू झालेली पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा त्यांपैकीच एक.

पडद्याने वाचवलेले प्राण

ग्रॅहॅमच्या पडद्याचा उल्लेख वर आला आहे. सूक्ष्म रेणू पलीकडे जाऊ द्यायचे आणि कलिलकण अलीकडे ठेवायचे, या क्रियेला त्याने ‘डायलिसिस’ हे नाव दिले. मराठीत तिला अपोहन म्हणतात. आज हा शब्द खेडोपाडीच्या कुटुंबांनाही, दुर्दैवाने, परिचित झाला आहे. मूत्रपिंड निकामी झाले की रक्तात युरिया साठतो. युरियाचा रेणू लहान असतो, रक्तातील प्रथिने मोठी असतात. रक्त योग्य पडद्याच्या एका बाजूने वाहू दिले, तर युरिया पलीकडच्या द्रवात जातो आणि प्रथिने व पेशी रक्तातच राहतात. जर्मनांनी व्यापलेल्या नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने १९४३ मध्ये या तत्त्वावर कृत्रिम मूत्रपिंड तयार केले. पडद्यासाठी त्याने सेलोफेनची नळी वापरली. त्याचे पहिले बहुतेक रुग्ण दगावले, तरी तो थांबला नाही. १९४५ मध्ये एका वृद्ध स्त्रीचे प्राण या यंत्राने वाचले. सरस आणि साखर यांतील फरक शोधण्यासाठी मांडलेला प्रयोग आज असंख्य रुग्णांचा आधार झाला आहे.

नितळ आणि निर्धोक

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. तुरटीने पाणी नितळ झाले होते, मग आजार कोठून आला?

पाणी गढूळ दिसते, ते असंख्य कण प्रकाश विखुरतात म्हणून. मातीचे कण कोट्यवधी असतात. रोगाचे जंतू त्या मानाने फार थोडे असतात. त्यांनी विखुरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांना जाणवत नाही. पुष्कळसे जिवाणू आकाराने १,००० नॅनोमीटरच्या आसपास असतात. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या काविळीचा एक विषाणू तर जेमतेम २७ नॅनोमीटरचा, म्हणजे पूर्णपणे कलिलकणांच्या मापात बसणारा आहे. तो फडक्याने गाळला जात नाही, रात्रभरात खाली बसत नाही आणि दिसतही नाही. तुरटीच्या साक्याबरोबर काही जंतू खाली जातात, सर्व जात नाहीत. आणि काही थोडे उरले, तरी आजाराला तेवढे पुरेसे होतात.

इतिहासात याचा मोठा दाखला आहे. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलऱ्याने दहा दिवसांत पाचशेहून अधिक बळी घेतले. जॉन स्नो या डॉक्टरने प्रत्येक मृत्यूचा माग काढून तो तेथील एका सार्वजनिक पंपापर्यंत नेला. त्या पंपाचे पाणी दिसायला स्वच्छ व चवीला चांगले म्हणून लोकांच्या पसंतीचे होते. लोक डोळ्यांवर आणि जिभेवर विसंबले. स्नो घरोघरच्या नोंदींवर विसंबला.

म्हणून क्रम लक्षात ठेवावा. गढूळ पाण्यात तुरटी बेताने फिरवावी, गाळ पूर्ण खाली बसू द्यावा, वरचे पाणी हलकेच दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून घ्यावे. हे पहिले पाऊल झाले. त्यानंतर ते पाणी खळखळून उकळावे, किंवा त्यात क्लोरीनचे द्रावण बाटलीवर दिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. पहिले पाऊल टाळून थेट क्लोरीन घातले, तर त्याचा बराचसा भाग गाळातच खर्ची पडतो आणि जंतूंना मातीच्या कणांचा आडोसा मिळतो. दुसरे पाऊल टाळले, तर काय होते ते आम्ही सातवीत असताना पाहिले आहे.

त्या मावशींचा यात दोष नव्हता. त्यांना जेवढे ठाऊक होते, तेवढे त्यांनी मायेने केले. दोष होता तो अर्धवट ज्ञानाचा, आणि उरलेले अर्धे ज्ञान त्या वसतिगृहापर्यंत कोणी पोहोचवले नव्हते याचा. हा लेख वाचणारे पुष्कळ माजी विद्यार्थी आज पालक आहेत, कोणी ग्रामपंचायतीत आहेत, कोणी आरोग्यसेवेत, कोणी शिक्षक आहेत. येत्या पावसाळ्यात आपल्या गावच्या शाळेत किंवा वसतिगृहात जाणे झाले, तर तेथे पिण्याचे पाणी नितळ आहे का, एवढे पाहून थांबू नये. त्यात क्लोरीन घातले होते का, किंवा ते उकळले होते का, हेही विचारावे. पत्र्याची पेटी उचलून गावी परत जावे लागलेल्या मुलाला परत आणता येत नाही. पण दुसऱ्या कोणावर ती वेळ येऊ नये, एवढे आपल्या हाती आहे.